घसरून चरीत गेलेली गाडी आणि चार दिवस टिकलेलं अलाइनमेंट

तुम्ही जे विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समज चुकली असेल तर लगेच सांगता येईल. कणकुंबीहून जांबोटीमार्गे येताना भर पावसात वळणावर गाडी घसरली आणि डावीकडची दोन्ही चाकं कडेच्या चरीत गेली. गावातल्या ट्रॅक्टरनं ओढून काढली. चालती होती म्हणून तशीच घरी आणली. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग दोन बोटं डावीकडे तिरपं राहत होतं, म्हणून अलाइनमेंट (चाकांचे कोन मशीनवर मोजून जुळवणं) करून घेतलं. स्क्रीनवर सगळं हिरवं आलं, स्टेअरिंग सरळ झालं. चार दिवसांत पुन्हा डावीकडे तिरपं. शिवाय ७० च्या पुढं गेलं की थरथर, आणि रिव्हर्स घेताना ब्रेक दाबला की पुढच्या बाजूनं ‘कट्ट’ असा आवाज. गाडी सहा वर्षांची हॅचबॅक, रोज खानापूर–बेळगाव ये-जा. आणि प्रश्न असा, की आता दुसऱ्या चांगल्या दुकानात परत अलाइनमेंट करावं काय?

करू नका. निदान आत्ता तरी नको. गाडीही दोन-तीन दिवस घरी ठेवा, बसनं नाहीतर दुसऱ्या कुणाच्या गाडीनं जा.

कारण सांगतो. वाकलेला पार्ट वाकलेलाच राहतो. तो चूक दाखवतो, पण रोज तेवढीच दाखवतो. वाकलेल्या टाय रॉडवर (स्टेअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा) अलाइनमेंट केलं तर ते चुकीच्या पायावर झालं, हे खरं, पण पुढचे काही महिने ते तसंच टिकतं. चार दिवसांत आकडे हलले याचा अर्थ खाली काहीतरी सुटं आहे, सरकतंय, किंवा चिरलंय. त्यात तो ‘कट्ट’ आवाज. माझ्या अनुभवात घसरलेल्या गाडीत ही दोन लक्षणं एकत्र आली की अलाइनमेंटचं मशीन नंतर, आधी लिफ्ट आणि टॉर्च.

गाडी न बघता मी इथं जे लिहितोय त्यातलं बरंच ‘जर-तर’ आहे. धक्का कुठून बसला, किती वेगात बसला, चरीत माती होती की दगड, ट्रॅक्टरची साखळी कुठं अडकवली होती, यावर निदान बदलतं. म्हणून एकेक घेतो.

आपल्या भागात गाडी कुठं घसरली यावरून खाली काय सापडेल याचा अर्धा अंदाज येतो. चिकोडी, संकेश्वर, निपाणीकडची काळी रानं घ्या. उसाच्या हंगामात समोरून डबल ट्रॉली आली की गाडी डांबराखाली घ्यावी लागते. पाऊस झालेला असेल तर चाक रुततं, गाडी बसते, पण मऊ मातीत धक्का फारसा लागत नाही. अशा गाड्या माझ्याकडे येतात त्या बहुतेक रिममध्ये चिखल भरून. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याकडे गोष्ट वेगळी. तिथं पाऊस बेदम, वरून तांबडा गाळ रस्त्यावर येतो, साईडपट्टी धुपून डांबराची कड वीतभर उंच राहते, आणि चरीच्या पलीकडे जांभा असतो. जांभा मऊ दगड म्हणतात, पण लोअर आर्मपुढं (चाकाला खालून गाडीशी जोडणारी भुजा) तो मऊ नसतो. पोटात मोरीचा कठडा किंवा पुलाचं काँक्रीट लागलं असेल तर आणखी वाईट. तुमची गाडी या दुसऱ्या भागात गेली, तेव्हा माती समजून सोडून देऊ नका.

धक्क्याची दिशाही तितकीच महत्त्वाची. चाक समोरून दगडावर आदळलं तर ते मागं ढकललं जातं. मग लोअर आर्मचा मागचा बुश (सांध्यातला रबराचा तुकडा) फाटतो, कॅस्टर (स्टेअरिंगच्या आसाचा पुढं-मागं कल) कमी होतो, आणि वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप परत येत नाही. चाक आडवं जाऊन चरीच्या भिंतीला घासलं तर रिम, बेअरिंग, नकल (चाक ज्यावर बसतं तो जाड पार्ट) आणि लोअर आर्म यांना मार बसतो, चाकाची खालची बाजू आत सरकते. घसरलेली गाडी बहुधा आडवीच जाते. सर्व्हिस रोडच्या कर्बला चाक आपटून आलेल्या गाड्यांत मला हेच जास्त दिसतं.

आता ट्रॅक्टर. हे कुणी विचारत नाही म्हणून मी मुद्दाम विचारतो, साखळी कशाला बांधली होती? पावसात, अंधारात, मदतीला आलेला माणूस चांगल्या मनानं खाली वाकतो आणि हाताला लागेल त्या लोखंडाला साखळी गुंडाळतो. हाताला लागतं ते बहुधा लोअर आर्म असतं, कधी टाय रॉड, कधी मागचा बीम (मागच्या दोन चाकांमधला आडवा दांडा). गाडी रुतलेली, ट्रॅक्टरची ओढ जबर. चरीत जाऊन जे वाकलं नव्हतं ते बाहेर येताना वाकतं. म्हणून लोअर आर्मवर किंवा बीमवर रंग खरवडून साखळीच्या कड्यांचे ठसे उमटलेत का ते आधी बघा. (सगळ्यांनाच सांगतो. गाडीच्या टूल किटमध्ये जाड आट्यांचा एक हूक असतो, तो बंपरवरचं छोटं झाकण काढून आत पिळून बसवायचा असतो. काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, बसत नाही म्हणून टाकून देऊ नका. साखळी तिथंच लावायची, आणि शक्य तितकी सरळ ओढायची. नॅशनल हायवेवर अडकलात तर १०३३ ला फोन करता येतो.)

तुमच्या लक्षणांकडे येतो. स्टेअरिंग ‘दोन बोटं’ तिरपं हे तुम्ही बरं लिहिलंत, कारण त्यातून हिशेब निघतो. स्टेअरिंगच्या कडेवर दोन बोटं म्हणजे साडेतीन-चार सेंटीमीटर, साधारण ११–१२ अंश. छोट्या गाडीत स्टेअरिंग १५–१६ अंश फिरलं की पुढची चाकं १ अंश वळतात. म्हणजे गाडी सरळ चालवायला तुम्ही पुढची चाकं पाऊण अंश डावीकडे वळवून धरताय. का धरावी लागतात? दोनच मोठी कारणं.

पहिलं, पुढचं डावं चाक स्वतः उजवीकडे बघतंय, म्हणजे त्याचा टो (वरून बघताना चाक आत-बाहेर वळल्याचा कोन) आत गेलाय. एकटं चाक दीड अंश आत वळलं की गाडी ते दोन्ही चाकांत वाटून घेते आणि स्टेअरिंग पाऊण अंशाइतकं डावीकडे जातं. नकलची स्टेअरिंगची भुजा साधारण १२ सेंटीमीटर धरली, तर दीड अंशाला ३ मिलिमीटर सरकणं पुरतं. फक्त ३ मिलिमीटर! आणि त्या अवस्थेत दोन्ही टायर तिरके लोळत असतात, दर किलोमीटरला १३ मीटर आडवे घासल्यासारखे. टायरची आतली किंवा बाहेरची कड करवतीसारखी का होते ते यावरून कळेल.

इथं एक बारकाई आहे. बहुतेक छोट्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत स्टेअरिंगची रॅक (टाय रॉडना डावी-उजवीकडे सरकवणारी दातेरी पट्टी) चाकांच्या मध्याच्या मागं असते. अशा गाडीत टाय रॉड वाकला तर तो आखूड होतो, चाकाची मागची बाजू आत ओढली जाते, आणि चाक बाहेर बघायला लागतं. तुमच्या डाव्या चाकाचा टाय रॉड वाकला असता तर स्टेअरिंग उजवीकडे तिरपं झालं असतं. तुमचं डावीकडे झालंय. उलट लोअर आर्म आत दाबला गेला तर चाकाचा खालचा सांधा आत जातो, टाय रॉड मात्र मागची बाजू बाहेर धरून ठेवतो, आणि चाक आत बघायला लागतं. तुमच्या लक्षणाशी हे जुळतं. म्हणून माझा पहिला संशय डाव्या लोअर आर्मवर, त्याच्या बुशांवर आणि तो जिथं बसतो त्या सबफ्रेमवर (खालची लोखंडी चौकट). बरेच मिस्त्री आधी टाय रॉड एंड बदलून देतात कारण तो स्वस्त आणि सोपा. या केसमध्ये त्यानं काही होणार नाही असं मला वाटतं. तुमच्या गाडीची रॅक पुढच्या बाजूला असेल तर मात्र हा हिशेब उलटा करायचा, तेवढं खाली वाकून बघून घ्या.

दुसरं कारण मागचं. तुमचं मागचं डावं चाकही चरीत गेलं होतं. या गाड्यांत मागं एकच आडवा बीम असतो. त्याचं डावं टोक जरा मागं ढकललं गेलं की मागची चाकं गाडीला डावीकडे ढकलत राहतात, आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. तेव्हाही स्टेअरिंग डावीकडेच धरावं लागतं. मागचा कोन, ज्याला थ्रस्ट अँगल म्हणतात, तो पाऊण अंश चुकला तरी तुमच्या दोन बोटांचा हिशेब बरोबर बसतो. लिफ्टवर बघून गाडी चालवण्यासारखी आहे असं ठरलं की ओल्या रस्त्यावर कुणाला तरी तुमच्या मागून हळू येऊ द्या आणि चाकांच्या खुणा बघायला सांगा. मागच्या चाकांचे पट्टे पुढच्यांच्या एका बाजूला सरकलेले दिसले तर मागं बघायलाच हवं.

आता त्या हिरव्या स्क्रीनबद्दल, कारण सगळा घोळ तिथंच आहे. तुमच्या-माझ्यासारख्यांच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचा टो सोडला तर काहीच फिरवता येत नाही. कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा आत-बाहेर कल) नाही, कॅस्टर नाही, मागचा टो नाही. ऑपरेटर टाय रॉडचा नट ढिला करतो, रॉड आत-बाहेर पिळतो, टो हिरवा करतो. लोअर आर्म ३ मिलिमीटर आत असेल तर तो टाय रॉड तेवढा आखूड करतो. टो हिरवा, स्टेअरिंग सरळ, गिऱ्हाईक खूश. वाकलेला आर्म तसाच. मशीन खोटं बोलत नाही. त्याच कागदावर कॅम्बर आणि कॅस्टर लाल असतात, पण ‘ते ॲडजस्टेबल नाही साहेब’ म्हणून पान मिटतं. ॲडजस्ट होत नाही तोच आकडा लाल आला, तर काहीतरी वाकलंय याचा तो सरळ पुरावा असतो. मी तर आधी तेच आकडे बघतो, टो शेवटी.

म्हणून त्या दुकानात जाऊन तुमच्या गाडीचा प्रिंटआउट मागा, आणि ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन्ही आकडे असलेला मागा. मशीनमध्ये गाडीचा नंबर टाकला असेल तर बहुतेक वेळा रेकॉर्ड निघतं. डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तर ठेच लागलीय. डावा कॅम्बर जास्त बाहेर झुकलेला, म्हणजे पॉझिटिव्हकडे, असेल तर लोअर आर्मचा संशय पक्का होतो, कारण चाकाचा तळ आत गेलाय. अशी गाडी डावीकडे ओढतेही. ओढते का ते तुम्ही लिहिलं नाही. फक्त ते तपासताना लक्षात ठेवा, आपले रस्ते पाणी निघावं म्हणून कडेला उतरते असतात, त्यामुळे डाव्या लेनमध्ये कुठलीही गाडी थोडी डावीकडे झुकते. मोकळ्या, सपाट जागी बघायचं.

चांगलं मशीन आणखी एक आकडा देतं, एसएआय म्हणजे स्टेअरिंगच्या आसाचा झुकाव. छोट्या गाड्यांत तो साधारण १२ ते १४ अंश असतो. कॅम्बर आणि एसएआय यांची बेरीज म्हणजे इन्क्लुडेड अँगल. ही बेरीज डाव्या-उजव्या बाजूला सारखी असेल, पण वेगवेगळे आकडे मात्र वेगळे असतील, तर नकल ठीक आहे. सरकलंय ते आर्म, सबफ्रेम किंवा स्ट्रटचा (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरचा खांब) वरचा माथा. बेरीजच वेगळी येत असेल तर नकल किंवा स्ट्रट वाकलाय. एवढ्या एका बेरजेनं अर्धी गाडी उघडायचं काम वाचतं. तरीही हा कोन मोजायचा तर स्टेअरिंग दोन्हीकडे फिरवून मोजावं लागतं, ब्रेक धरावा लागतो, दहा मिनिटं जातात. दारात गाड्यांची रांग लागली की ते कोण करत बसतंय? तुम्ही आधीच सांगा, जास्तीचे पैसे देतो म्हणा.

मग चार दिवसांत काय सरकलं असेल? तुमच्या ‘कट्ट’ आवाजावरून माझा अंदाज असा. पुढं जाताना ब्रेक दाबला की चाक मागं ढकललं जातं, रिव्हर्समध्ये दाबला की उलट पुढं. लोअर आर्मचा मागचा मोठा बुश फाटला असेल, किंवा सबफ्रेमचे बोल्ट धक्क्यानं सैल झाले असतील, तर आर्म प्रत्येक वेळी थोडा पुढं-मागं आपटतो. तोच तो आवाज. सबफ्रेम बोल्टच्या भोकांत थोडी मोकळीक असते, जबर धक्क्यात ती अख्खी एका बाजूला सरकते. सरकली असेल तर बोल्टच्या माथ्याभोवती जुन्या वॉशरची चकचकीत कड उघडी पडलेली दिसते. गंज आणि धूळ एका बाजूला, चमक दुसऱ्या बाजूला. हे बघायला कुठलंही मशीन लागत नाही. असंच स्ट्रट आणि नकल जोडणाऱ्या दोन जाड बोल्टांचं. तिथंही सरकल्याची खूण असते, आणि तिथं सरकलं की कॅम्बर आणि टो दोन्ही बिघडतात. मग बॉल जॉइंट, म्हणजे लोअर आर्म आणि नकल जोडणारा गोल सांधा. त्याचं रबर दगडानं फाटलं असेल तर आत तांबडी माती गेली असणार, आणि माती गेलेला बॉल जॉइंट पावसाळा काढत नाही. शेवटी एक अगदी साधी शक्यता, दुकानातल्या पोरानं टाय रॉडचा लॉकनट घट्ट करायचाच राहिला. हेही होतं. ते निघालं तर तुमचं नशीब.

थरथर हा कदाचित वेगळाच विषय असेल. आधी चाकं काढून रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून चिकटलाय का बघा. आपल्याकडची तांबडी माती वाळली की विटेसारखी होते, आणि मूठभर माती एका बाजूला बसली तरी बॅलन्सिंग बिघडतं. प्रेशरच्या पाण्यानं आतून धुवा, आणि खालचं सगळं तपासून झालं की मग चालवून बघा. थरथर गेली तर संपलं. नाही गेली तर रिम. जॅकवर चाक उचलून फिरवायचं, बाजूला एक खिळा किंवा पेन स्थिर धरायचं, रिम त्याच्यापासून कमी-जास्त होते का बघायचं. आतली कड वाकलेली असेल तर बाहेरून दिसत नाही, म्हणून आतूनही बघा. चाक हातानं फिरवताना घरघर लागत असेल तर बेअरिंग, खरखर असेल तर बऱ्याचदा ब्रेक डिस्कमागचा पत्रा वाकून घासत असतो, तो हातानं सरळ होतो. आणि टायर. दोन्ही डाव्या टायरची बाहेरची आणि आतली भिंत हातानं चाचपा. कुठंही फुगा लागला तर तो टायर त्याच क्षणी उतरवायचा. आतले धागे तुटलेत म्हणून फुगा येतो, त्याला पॅच नसतो.

घरच्या घरी आणखी एक माप घेता येतं. सपाट फरशीवर किंवा सिमेंटच्या अंगणात गाडी लावा, चाकं सरळ ठेवा. डाव्या बाजूला पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप धरा, तसंच उजवीकडे. काही मिलिमीटरचा फरक चालतो. फरक सेंटीमीटरच्या घरात गेला तर चाक जागेवर नाही, आणि मग कुणी काहीही म्हणो, अलाइनमेंटनं ते सुधारणार नाही. मदतीला कुणी असेल तर गाडी बंद ठेवून त्याला स्टेअरिंग दोन-दोन इंच डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही खाली बघा, कुठला सांधा स्टेअरिंगबरोबर हलण्याआधी थोडा उशीर करतो. मात्र नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालू नका.

गॅरेजमध्ये काम कुठल्या क्रमानं करायचं हे तुम्हीच ठरवून द्या, नाहीतर पैसे दोनदा जातात. आधी धुणं, मग लिफ्टवर नुसतं बघणं आणि बोल्ट तपासणं, मग मशीनवर फक्त मोजणं, काही न फिरवता. त्या आकड्यांवरून आणि डोळ्यांना दिसलेल्यावरून पार्ट ठरवायचे, बदलायचे, सबफ्रेम सरकली असेल तर मूळ जागी आणून कंपनीनं सांगितलेल्या टॉर्कला बोल्ट घट्ट करायचे. काही कंपन्या ते बोल्ट दुसऱ्यांदा वापरू नका म्हणतात, त्यांचं ऐकावं. लोअर आर्मच्या बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे घट्ट करायचे, लोंबकळत्या चाकावर नाही. तसं केलं तर नवा बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो आणि लवकर फाटतो. मग बॅलन्सिंग, आणि अगदी शेवटी चारही चाकांचं अलाइनमेंट. फक्त पुढच्या दोन चाकांचं नको, मागचा कोन न बघता पुढचं जुळवण्यात अर्थ नाही.

दोन गोष्टींना सरळ नकार द्या. एक, वाकलेला पार्ट तापवून सरळ करणं. बेळगावात हे सांगणं अवघड जातं, कारण उद्यमबागेत लेथ, प्रेस, फाउंड्री सगळं हाताशी आहे आणि ‘काय बी सरळ करून देतो’ म्हणणारे हुशार कारागीर आहेत. त्यांच्या हुनराबद्दल मला शंका नाही, ओतकामात आपलं बेळगाव नाव कमावून आहे. पण नकल बहुतेक एसजी आयर्नचा (एक प्रकारचं बीड) ओतीव असतो, धक्क्यानं त्यात बारीक चीर गेलेली असू शकते जी डोळ्यांना दिसत नाही. टाय रॉड किंवा लोअर आर्म तापवला की त्या जागी लोखंडाचा कस जातो. ट्रॅक्टरचा नांगर तापवून सरळ करा, स्टेअरिंगचा पार्ट नको. तो तुटतो तेव्हा पूर्वसूचना देत नाही.

दोन, स्टेअरिंग व्हील काढून एक दाता फिरवून परत बसवणं. तिरपं दिसतंय ना, सरळ करून देतो, पाच मिनिटांचं काम. यानं चाकं आहेत तशीच राहतात, फक्त लक्षण झाकलं जातं. शिवाय आत एअरबॅगची वायर वाहून नेणारी क्लॉकस्प्रिंग असते, ती चुकीच्या स्थितीत बसली तर पूर्ण वळणावर तुटते, हॉर्न आणि एअरबॅग दोन्ही जातात. तुमच्या गाडीला ईएसपी (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) असेल तर स्टेअरिंगच्या कोनाचा सेन्सरही गोंधळतो. खरी दुरुस्ती झाल्यावरही काही गाड्यांत तो सेन्सर स्कॅनर लावून शून्यावर आणावा लागतो. डॅशबोर्डवर पिवळा दिवा राहिला तर ते उरलंय असं समजा.

गाडी आणखी चालवू का, याचं उत्तर वर दिलं, पण त्याला एक व्यवहारी बाजूही आहे. तुमचा विमा फक्त थर्ड पार्टीचा असेल तर स्वतःच्या नुकसानीचं काही मिळणार नाही, हा परिच्छेद सोडून द्या. पूर्ण विमा असेल तर काहीही उघडण्याआधी कंपनीला कळवा, आणि आजच खालच्या बाजूचे फोटो काढून ठेवा. पॉलिसीच्या अटींत असं असतं की अपघातानंतर आवश्यक दुरुस्ती न करता गाडी चालवली आणि त्यानं नुकसान वाढलं, तर वाढीव नुकसान तुमच्या माथी. आज फक्त बुश गेला असेल आणि पुढच्या महिन्यात त्यापायी टायर आणि ड्राइव्हशाफ्ट गेला, तर सर्व्हेअर हे विचारणारच. मात्र क्लेम करणं नेहमीच फायद्याचं नसतं. सहा वर्षांच्या गाडीत साध्या पॉलिसीवर लोखंडी पार्टचे ४० टक्के आणि रबर-प्लास्टिकचे ५० टक्के घसारा म्हणून कापतात, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १००० रुपये वेगळे. आणि पाच वर्षं क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस ५० टक्क्यांवर गेलेला असतो, तो एका क्लेमनं शून्यावर येतो. नुसता एक आर्म आणि बुश असं निघालं तर खिशातून करणं बरं पडेल. सबफ्रेम, नकल, मागचा बीम अशी यादी लांबली तर क्लेमच करा. म्हणून आधी लिफ्टवर बघून अंदाज काढायचा, पण पार्ट खोलायचा नाही.

प्रिंटआउट मिळाला की डाव्या-उजव्या बाजूचे ‘आधी’चे कॅम्बर, कॅस्टर, एसएआय आणि मागचा टो एवढे आकडे लिहा, आणि टेपनं घेतलेली दोन मापंही. साखळी कुठं बांधली होती हेही त्या ट्रॅक्टरवाल्याला विचारता आलं तर विचारा. त्यावरून लोअर आर्म की मागचा बीम, हे बऱ्याच खात्रीनं सांगता येईल.